चाक किती बाहेर? : नागपूरच्या रस्त्यावरचा एक जुना हिशेब

नागपुरात टायरच्या दुकानात आलेला गाडीमालक पहिला प्रश्न इंचांचा विचारतो. चौदाच्या जागी पंधरा बसेल का, पंधराच्या जागी सोळा? दुसरा प्रश्न रंगाचा असतो. ज्या गोष्टीवर गाडीचे वळण, बेअरिंगचे आयुष्य आणि पावसातला ब्रेक अवलंबून असतो, ती बहुतेक वेळा विचारलीच जात नाही. नवे चाक गाडीच्या अंगाला किती आत बसणार आणि किती बाहेर येणार? या मापाला ऑफसेट म्हणतात. अलॉय व्हील आल्यावरच हा प्रश्न नागपुरात आला असे वाटते, पण या भागाच्या काळ्या मातीत तो बैलबंडीच्या काळापासून आहे. सुताराने तो सोडवला, रेल्वेच्या इंजिनिअराने सोडवला, ट्रकवाल्याने आणि कपाशीच्या शेतकऱ्यानेही आपापल्या परीने सोडवला. हौसेने चाक बदलणाऱ्या मोटारवाल्याची मात्र या जुन्या शहाणपणाशी गाठ पडलेली नाही.

विदर्भात बैलगाडी कधी एकाच प्रकारची नव्हती. ओझ्याला बंडी, माणसांना रेंगी, लेकीबाळींना आणायला-पोचवायला छप्पर घातलेली दमणी आणि शर्यतीला छकडा. चाकाची रचना सगळीकडे तीच: मधे लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर घेराचे गोलसर तासलेले तुकडे आणि या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. लाकडाचे काम सुताराचे, धाव चढवण्याचे लोहाराचे. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि तत्क्षणी पाणी ओतायचे. लोखंड आकसले की सगळे सांधे घट्ट बसत. वैशाखात लाकूड वाळून धाव ढिली झाली की शेतकरी चाक काढून पाण्यात बुडवून ठेवी. लाकूड फुगे आणि धाव पुन्हा बसे. घेरातला काही सूतांचा फरक चाकाचे आयुष्य ठरवतो, हे गावच्या लोहाराला अनुभवाने पाठ होते.

बंडीचे चाक उंच असे, त्यालाही कारण होते. काळी माती पावसात चिकट होते, चाकाला थरावर थर चढतात आणि लहान चाक खड्ड्यात उतरले की बाहेर निघत नाही. मोठ्या व्यासाचे चाक त्याच खड्ड्यात कमी उतरते आणि बैलांना ओढ कमी लागते. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी टणक होते आणि पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या तशाच घट्ट होऊन राहतात. मग दोन चाकांतले अंतर सुताराच्या मर्जीवर राहत नाही. गावाच्या वाटेवर जी चाकोरी पडली आहे, तिच्यात दोन्ही चाके उतरली पाहिजेत. एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर राहिले, तर बंडी कलते, आसावर एकांगी भार येतो आणि बैलांच्या खांद्याला जू घासते. मोटारीच्या भाषेत ज्याला आज ट्रॅक म्हणतात, ते अंतर गावोगावच्या सुतारांना वाटेनेच नेमून दिले होते.

या बंड्यांवर नागपूरचा व्यापार उभा राहिला. त्याआधी, पक्के रस्ते नसताना, इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. ते तांडे चाकाशिवायच चालत. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, रस्ते बांधले जाऊ लागले, १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली आणि हिंगणघाटचा कापूस बंडीतून स्टेशनाकडे वळला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा गिरणीच्या दारापर्यंत कापूस पोचवण्याचे कामही बैलांनीच केले.

रेल्वेने चाकांतल्या अंतराचा धडा फार महागात शिकवला. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी लाइन १८८० च्या दशकात मीटरगेज म्हणून टाकली गेली. दोन रुळांत १००० मिलिमीटर. मुंबईकडून येणारी लाइन ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर चालणार नाही, म्हणून माल नागपुरात उतरवा आणि पुन्हा चढवा. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ही लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. त्याच कंपनीने पुढे सातपुड्यात आणि नागभीडकडे ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेज लाइनी पसरवल्या. डोंगराळ, वळणाच्या मुलुखात लहान गेज स्वस्त पडे. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. मोतीबागेत २००२ मध्ये उघडलेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात ती छोटी इंजिने आजही उभी आहेत. चाकांतले अंतर बदलायचे तर रूळ, पूल, आस, डबे सगळेच बदलावे लागते, याचा याहून मोठा पुरावा शहरात दुसरा नाही. लहान मुलांना तिथे नेताना मोठ्यांनीही रुळांमधले ते अंतर निरखून पाहावे.

विसाव्या शतकात रस्त्यावर मोटार आली आणि लोखंडी धावेशी तिचा झगडा सुरू झाला. अरुंद धावेखाली सगळे ओझे दोन-तीन बोटे रुंदीच्या पट्टीवर येते. खडीचा रस्ता त्याने दळला जातो. उलट रबरी टायरची वेगवान मोटार खडीमधली माती धुळीच्या रूपाने शोषून काढते. दोघींना एकच रस्ता हवा होता आणि दोघी तो वेगवेगळ्या रीतीने मोडत होत्या. हा प्रश्न देशभराचा झाला, तेव्हा १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जयकर समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये पेट्रोलवरच्या जादा कराचा केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. बैलगाडीच्या धावेने होणारी रस्त्याची झीज हा इंजिनिअरांच्या चर्चेतला नेहमीचा विषय होता.

आणि मग डिसेंबर १९४३. देशभरच्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी पुढच्या २० वर्षांची रस्तेबांधणी आखली. अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती ‘नागपूर योजना’ म्हणून पाठ करावी लागते. नागपूरकरांना मात्र ती फारशी ठाऊक नाही, याची खंत वाटते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही वर्गवारी त्या योजनेने पक्की केली. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे लक्ष्य होते. ते मुदतीआधी, १९६१ मध्येच गाठले गेले. पुढे वाराणसी-कन्याकुमारी आणि हजिरा-कोलकाता हे दोन महामार्ग, जुने क्रमांक ७ आणि ६, याच शहरात एकमेकांना छेदू लागले. कामठी रस्ता आणि वाडी ही नावे ट्रकवाल्यांच्या तोंडी देशभर गेली ती यामुळे.

रस्ता बदलला तसे बंडीचे चाकही बदलले. हवा भरलेला टायर आणि बेअरिंग लावलेली बैलगाडी निघाली. भारतीय टायर कंपन्या आजही बैलगाडीसाठी वेगळ्या मापाचे टायर करतात, ७.००-१९, ८.००-१९ असे. चाक लहान झाले, पण रुंद झाले. रस्ताही वाचला आणि बैलही. तरी हा बदल फार हळू झाला. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला, तेव्हा देशात कोटीच्या वर बैलगाड्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींना लाकडी चाक व लोखंडी धावच होती.

त्याच्या बऱ्याच आधी ६.००-१६ हे टायरचे माप विदर्भाच्या ओळखीचे झाले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. या जीपला १६ इंचाच्या डिस्कवर ६ इंच रुंदीचा, सुमारे २८ इंच उंचीचा सडपातळ टायर असे. कच्च्या रस्त्यांना अशीच गाडी हवी होती. उंच आणि अरुंद टायर चिखलाच्या वरच्या थरातून खाली टणक जमिनीपर्यंत पोचतो. बंडीच्या उंच चाकाचीच ही युक्ती होती. पुढे ट्रॅक्टर आला आणि त्याच्या पुढच्या चाकालाही हेच ६.००-१६ माप लागू लागले. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत उभा राहिला. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला माप १२.४-२८ किंवा १३.६-२८.

ऑफसेटचा खरा धडा ट्रॅक्टरच्या या मागच्या चाकात आहे. तिथे डिस्क आणि रिम वेगवेगळ्या असतात आणि बोल्टने जोडलेल्या असतात. डिस्क खोलगट असते. तिची खोलगट बाजू आत ठेवली की चाके जवळ येतात, उलटी बसवली की लांब जातात. रिमवरचे कान डिस्कच्या कोणत्या अंगाला जोडायचे, यावरही अंतर बदलते. हे सगळे कशासाठी? तर पिकाच्या ओळींसाठी. पऱ्हाटीच्या दोन ओळींत तीन-चार फूट अंतर असेल, तर डवरणीच्या वेळी चाक बरोबर दोन ओळींच्या मधून गेले पाहिजे, झाड मोडता कामा नये. म्हणून कपाशीचा शेतकरी हंगामाप्रमाणे डिस्क उलटवतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानाच्या बांध्यांत चिखलणीला त्याच ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लागतात. जमीन बदलली की चाक बदलायचे, पीक बदलले की चाकांतले अंतर बदलायचे, हा व्यवहार इथल्या खेड्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

ट्रकवाल्याचे गणितही असेच. ट्रकची डिस्क परातीसारखी खोलगट असते. पुढे एकेरी चाक बसवताना ती एका अंगाने लागते. मागे जोडीतले बाहेरचे चाक बसवताना तीच उलटी फिरवून लावतात. दोन डिस्क एकमेकींकडे पाठ करून बसल्या की दोन टायरांमध्ये हवा खेळायला जागा राहते. म्हणून ट्रकला एकच स्टेपनी पुढेही चालते आणि मागेही. ही खोली कमी पडली तर जोडीचे टायर एकमेकांना घासतात, तापतात आणि फुटतात. ९००-२० किंवा १०००-२० चा टायर बदलणारा वाडीतला कारागीर ‘ऑफसेट’ म्हणो वा न म्हणो, दोन टायरांमधून बोटे घालून जागा तपासतोच.

मोटारीत मात्र निवडीला वावच नव्हता. अॅम्बेसेडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४, पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा डिस्कच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. देशातला टायरचा पहिला कारखाना डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंजला काढला होता आणि बराच काळ मिळेल तो टायर घ्यायचा अशीच स्थिती होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती १२ इंचांची इवलीशी चाके घेऊन. अॅम्बेसेडरची सवय असलेल्यांना ती चाके खड्ड्यात हरवतील असे वाटे. पण गाडी हलकी होती, डांबरी रस्ते वाढले होते आणि त्या लहान चाकांनी मध्यमवर्गाला पचमढी, चिखलदरा दाखवले.

तिच्याबरोबर आणि तिच्यानंतर टायरवरची भाषा बदलली. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले होते. भारतात जेके टायरने पहिला रेडियल १९७७ मध्ये काढला. रेडियलबरोबर मिलिमीटर आणि टक्के आले. १६५/८० आर १४ म्हणजे टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि डिस्क १४ इंचांची. व्यास अजूनही इंचांतच राहिला. एकाच आकड्यात दोन मोजमापे आली, म्हणून ग्राहक गोंधळतो.

हलक्या धातूची चाके मुळात शर्यतीसाठी आली. १९२४ साली बुगाटीने आपल्या टाइप ३५ गाडीला अॅल्युमिनियमची ओतीव चाके लावून शर्यतीत उतरवले. अमेरिकेत टेड हॅलिब्रँडने मॅग्नेशियमची चाके ओतली. त्या मॅग्नेशियमचीच आठवण आपल्या बाजारातल्या ‘मॅग व्हील’ या नावात टिकून आहे, जरी आजची चाके अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. भारतात मोटारींच्या जाती वाढल्या तशी १९९० नंतर ही चाके सामान्य ग्राहकाच्या नजरेत आली.

चाकाची हौस करणे वाईट नाही. विदर्भाला ती नवीही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेल्यांना छकड्याची चाके आठवत असतील: हलकी, नेमकी, बंडीच्या चाकाशी नाते न सांगणारी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. पटाच्या छकड्यात कोणी कापसाचे ओझे भरत नाही आणि ओझ्याची बंडी पटात उतरत नाही. हौस आणि काम यांची चाके वेगळी ठेवण्याची समज त्या खेळात आहे. मोटारीत दोन्ही कामे एकाच चाकाला करायची असतात, म्हणून इथे हिशेब जास्त काटेकोर हवा.

तो हिशेब अवघड नाही. डिस्कचे इंच २५.४ ने गुणायचे आणि टायरच्या दोन्ही बाजूंची उंची त्यात मिळवायची. नागपुरात गल्लोगल्ली दिसणारी स्विफ्ट घेऊ. तिच्या खालच्या श्रेणीत १६५/८० आर १४ होते. पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. वरच्या श्रेणीत १८५/६५ आर १५. व्यास सुमारे ६२१.५. डिस्क एक इंचाने वाढली, तरी चाक जवळपास तेवढेच राहिले, कारण टायरची बाजू १३२ वरून १२० मिलिमीटरवर आली. याच रांगेत १९५/५५ आर १६ बसवले तर व्यास ६२१ च्या आसपास राहतो. पण १५ इंचांच्या डिस्कवर कोणी २०५/६५ चढवले, तर व्यास ६४७ होतो, म्हणजे ४ टक्क्यांनी वाढ. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०४ च्या आसपास धावते, वळणावर टायर मडगार्डला घासतो आणि इंजिनाला प्रत्येक वेळी जास्त ओढ लागते. कारागीर मंडळी व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात ते उगाच नाही.

उलट टोकाला २०५/४५ आर १७. व्यास जुळतो, दिसते छान, पण बाजूची उंची ९२ मिलिमीटरवर येते. १४ इंचांच्या टायरपेक्षा ४० मिलिमीटर कमी. खड्ड्याचा धक्का सोसायला तेवढी हवा आणि रबर कमी. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याची धार थेट डिस्कवर बसते. पोलादी डिस्क वाकते, ती ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉयला केसासारखी चीर जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. नागपुरात गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते झाले, त्यांच्या कडा आणि डांबरी गल्ल्यांना भेटणारे उंचवटे हेही या पातळ टायरांचे शत्रू आहेत. या शहरासाठी १७ इंचांची ती जोडी लहान गाडीला घेऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवे.

आता ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. हबला टेकणारा चाकाचा चेहरा त्या मध्याच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन, आतल्या अंगाला असेल तर ऋण. तो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि चाकावर ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरतात. पुढची चाके ओढणाऱ्या आजच्या मोटारींत तो बहुधा ३५ ते ५० च्या दरम्यान धन असतो. आकडा जेवढा मोठा, चाक तेवढे आत.

समजा, जुने चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. दुकानात पसंत पडलेले चाक ७ इंच रुंद, ईटी ३५. नवी कड बाहेर किती येईल? रुंदीमुळे दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटर वाढले आणि ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणून चाक आणखी १० बाहेर सरकले. बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर, आतली कड ९ मिलिमीटर आत. एक इंचाहून जास्त बाहेर आलेले चाक मागे तीन माणसे बसल्यावर कमानीला टेकते, पावसाचे पाणी आणि खडे गाडीच्या अंगावर उडवते. आत आलेले ९ मिलिमीटर शॉकअॅब्सॉर्बरला लागू शकतात. न दिसणारा परिणाम याहून महत्त्वाचा आहे. स्टीअरिंग ज्या कललेल्या रेषेभोवती फिरते, ती रेषा टायरच्या मध्याच्या किती जवळ जमिनीला टेकावी, हे कंपनीने काही मिलिमीटरांत बांधलेले असते. ते अंतर बदलले की एका चाकाखाली वाळू आणि दुसऱ्याखाली कोरडा रस्ता असताना ब्रेक दाबताच स्टीअरिंग हाताला हिसका देते. बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो. हब आणि चाकाच्या मध्ये स्पेसरची चकती घालणे म्हणजे ऑफसेट कमी करण्याचीच दुसरी वाट, आणि ती जास्त धोक्याची, कारण नटाचे पुरेसे आटे बसत नाहीत.

नटांच्या भोकांचाही इतिहास आहे. जीपला ५ नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणून १३९.७ मिलिमीटर. इनोव्हाला ५ नट आणि साडेचार इंच, म्हणजे ११४.३. सँट्रो, होंडा सिटी, स्विफ्ट यांना ४ नट आणि सरळ १०० मिलिमीटर. फियाटच्या पॅलिओला ४ आणि ९८. शेवटच्या दोन आकड्यांतला २ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. पॅलिओचे जुने चाक १०० च्या हबवर थोड्या जोराने बसतेही, पण नट तिरपे आवळले जातात आणि धावता धावता ढिले होतात. चाकाच्या मधल्या भोकाचेही तसेच. सुझुकीचा हब ५४.१ मिलिमीटरचा, होंडाचा ५६.१, सगळ्या गाड्यांना चालावे म्हणून बाजारातल्या चाकांना अनेकदा ७३.१ चे भोक असते. मधली पोकळी भरणारी कडी बसवली नाही, तर चाक मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरते. बॅलन्सिंग कितीदाही केले तरी ती थरथर जात नाही.

कायद्याची चौकटही माहीत असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ मापांपासून दूर जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. टायरचे माप आणि त्याची भारक्षमता यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९५ वा नियम आहे, तर ९४ व्या नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीला जे माप दिले आहे, ते घेणे म्हणूनच सर्वांत सुरक्षित. तीच गाडी, तेच वजन, तोच हब. हिशेब आधीच झालेला असतो. भारक्षमतेचा आकडाही तिथेच मिळतो: टायरवर ८८ असेल तर एका चाकावर ५६० किलो, ८२ असेल तर ४७५. दिसायला सारख्या दोन टायरांत हा फरक असू शकतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, लांबच लांब सिमेंट, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे. पूर्वी कोंढाळीच्या घाटात किंवा कारंज्याला गाडी आपोआप थांबे, टायर निवत. आता तासन्‌तास न थांबता टायर धावतो. हवा कमी असलेला टायर दर फेऱ्याला जास्त वाकतो, वाकला की तापतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाला या महामार्गाच्या प्रवेशावरच टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. ज्या चाकाचा दोष शहरातल्या तीस-चाळीसच्या वेगाला कळत नव्हता, तो या रस्त्यावर तासाभरात बाहेर येतो.

या शहरात आज चाकाचे सगळे काळ एकत्र नांदतात. बुटीबोरीत सिएटच्या कारखान्यात २०१६ पासून दुचाकींचे टायर तयार होतात, हिंगण्यात ट्रॅक्टर बनतात, मोतीबागेत नॅरोगेजची इंजिने उभी आहेत आणि पोळ्याला खेड्यांत बैल सजतात. माहितीची उणीव नाही. उणीव आहे ती दुकानात योग्य प्रश्न विचारण्याची. म्हणून नवी चाके घ्यायला निघण्याआधी चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला टायरचा तक्ता वाचा. जुन्या चाकाच्या आतल्या अंगाला कोरलेली रुंदी आणि ईटी लिहून घ्या, आणि दुकानदाराने नव्या चाकाचे तेच दोन आकडे सांगितल्याशिवाय पैसे देऊ नका.